राखेखालची मडकी

मथुराबाईला चाकाला हात लावायची बंदी होती. तिला एकटीला नव्हे, कुंभाराच्या घरच्या सगळ्याच बायकांना होती. चाक म्हणजे देव, आणि देवाला बाईचा हात चालत नाही. माती तुडवायला चालतो, गाढवं हाकायला चालतो, उकिरड्यावरून जळण वेचायला तर फारच चालतो. चाकावरून उतरलेल्या ओल्या मडक्याला थापी मारून त्याचं पोट फुगवायचं कामही बाईचंच. मडकं विकलं गेलं की मात्र ते सटवाजी कुंभाराचं.

बाईनं स्वतः घडवायची ती फक्त चूल. चुलीला चाक लागत नाही. मातीच्या लांब वळ्या वळायच्या, एकीवर एक बसवायच्या आणि आतून तीन बोटांनी दाबत सांधा बुजवायचा. म्हणून चुलीच्या आतल्या अंगाला बोटांचे ठसे राहतात. ते कोणी पुसत नाही, कारण चुलीत डोकावून बघतो कोण? मथुराबाई चाळीस वर्षं अशा चुली घालत होती. पुण्यात कुंभारवेशीच्या आसपास घरटी एक चूल तिच्या हातची होती, आणि त्याबद्दल तिला कोणी कधी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही.

पानपताला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. मथुराबाईचा एकुलता एक मुलगा त्या साली शिमग्याच्या सुमारास लष्कराच्या बुणग्यांबरोबर, म्हणजे सामान वाहणाऱ्या माणसांबरोबर, उत्तरेत गेला होता. घरात ती, नवरा सटवाजी आणि एकोणीस वर्षांची सून शकू, अशी तीनच माणसं. आणि एक लपवलेली गोष्ट. सटवाजीला दिसत नव्हतं. डोळ्यांवर पडदा चढला होता, उजेड आणि सावली तेवढी कळायची. चाकावर त्याचं काही अडत नव्हतं, हातांना डोळे लागत नाहीत. पण मडकी भाजायच्या आव्याला लागतात. जाळाचा रंग ओळखता आला पाहिजे. त्या पावसाळ्याच्या आधी लागोपाठ तीन आवे कच्चे गेले आणि मडकी हातात भुगा होऊ लागली. तेव्हा मथुराबाई म्हणाली, "जाळ मी बघते. तुम्ही नुसतं माझ्याजवळ उभं ऱ्हावा." पावसाच्या उघडिपीत लावलेला चौथा आवा खणखणीत निघाला. आंधळ्या कुंभाराचं मडकं कोण घेणार, या धास्तीनं दोघांनी ही गोष्ट शकूलाही कळू दिली नाही.

पण या चौथ्या आव्याच्या आठ दिवस आधी शकूची मुलगी गेली होती. बारा दिवसांची. बारसं झालं त्याच संध्याकाळी तिनं अंगावर पिणं सोडलं आणि सकाळी ती थंड पडलेली होती. श्रावण होता, मुठेला पूर होता. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. सटवाजी फडक्यात गुंडाळलेलं मूल घेऊन काठी टेकत एकटाच गेला आणि परत येऊन म्हणाला, "नदीकाठच्या बाभळीखाली ठेवली." शकू पुढं सहा महिने दर अमावास्येला त्या बाभळीखाली वाटीभर दूध ओतून येत होती.

कार्तिकात कुंभारांच्या जुन्या आव्याची जागा सरकारातून श्रीधरपंत नावाच्या कारकुनाला घर बांधायला मिळाली. कुंभारांना वेशीबाहेर जागा दाखवली गेली. माघात पंतांच्या घराचा पाया खणायला घेतला, आणि बरोबर आव्याच्या जागेखाली, दोन हात खोल, बेलदाराची कुदळ मडक्यावर बसली. एक नव्हे, दोन मडकी. आडवी निजवलेली, तोंडाला तोंड लावून. आत तान्ह्या मुलाची हाडं होती.

त्यानंतर पेठेला दुसरा विषय उरला नाही. तीन आवे कच्चे गेले, सुनेची पोर गेली, आणि चौथा आवा घंटेसारखा वाजला. जागा कुंभारांची, मडकी कुंभारांची, मूल कुंभारांचं. आणखी काय पुरावा पाहिजे? पोर आव्याला दिली! पाणवठ्यावर एकीनं तर म्हण फेकली, "कुंभाराची सून, कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण सगळ्याचं खापर फुटलं ते शकूच्या माथ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी तिला चावडीवर नेऊन बसवलं.

चावडीवर दीनानाथपंत नावाचे कारकून न्यायाचं बघत. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं लवकर उरकायला आवडायचं. मडकी अंगणात दूर गोणपाटावर ठेवली होती. हाडांचा विटाळ, म्हणून कोणी दहा हातांच्या आत जात नव्हतं.

"सटवाजी," दीनानाथपंत म्हणाले, "नीट बघून सांग. हे तुझ्या घरचं काम का?"

बायकांच्या घोळक्यात मागे मथुराबाई उभी होती. सटवाजीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, मग अंगणाकडे. त्याला तिथं उन्हाच्या तुकड्यापलीकडे काही दिसत नाही हे भर चावडीत तिला एकटीला ठाऊक होतं. हातात द्या, एवढं जरी तो म्हणाला असता! मडकं ओळखायचं ते हातानं, हे कुंभाराच्या पोरालाही समजतं. पण विटाळाचं मडकं हातात मागायचं तर का मागतोस हे सांगावं लागणार.

"आमचंच हाय," सटवाजी म्हणाला. वर छाती थोडी पुढं काढून म्हणाला, "त्या जागेत आमच्याबिगर कुणाचं मडकं निघनार?"

मथुराबाईनं डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याचा एवढा संताप कधी आला नव्हता.

मग दीनानाथपंतांनी विचारलं, मूल कुठं पुरलंस ती जागा दाखव. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी तो पायाशी बघत बोलला, "जागाच न्हवती, पंत. पानी बाभळीच्या बुंध्याला लागलं होतं. पाय घसरायला लागला. मी... नदीला दिली तिला."

शकू खांबाला टेकून बसली होती. तिनं हळूच मान वर केली. नुसती सासऱ्याकडे बघत राहिली, आणि तिचं ते बघणं त्याला दिसत नव्हतं.

"म्हणजे बाभळीखाली ठेवली हेही खोटं," दीनानाथपंत म्हणाले. "ज्या घरानं एकदा खोटं सांगितलं त्याच्या शब्दावर कसं जायचं? परवा सकाळी सुनेनं रवा काढावा. हात भाजला नाही तर सुटली."

रवा म्हणजे उकळत्या तेलातला धातूचा तुकडा. तो नुसत्या हातानं बाहेर काढायचा, मग हाताला पिशवी बांधून लाखेची मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हात उघडून बघायचा. खरं असेल तर देव हात राखतो म्हणतात. मथुराबाईनं जन्मभर जाळाशी काम केलं होतं, आणि जाळ कोणाचं खरं-खोटं बघतो असा तिचा अनुभव नव्हता.

ती घरी गेली नाही. श्रीधरपंतांच्या घराचा पाया खणत होते तिथं थेट गेली. तिथं दादामियाँ होता, गवंड्यांचा म्होरक्या. त्याचं घराणं चार पिढ्या पुण्यात भिंती उभ्या करत होतं, आणि त्याच्या घरची चूल मथुराबाईच्या हातची होती.

"दादामियाँ, मला खड्ड्यात उतरू द्या."

"वहिनी, श्रीधरपंतांनी उद्या दगड भरायला सांगितलाय."

"उद्या ना? मग आज बगू द्या की."

दादामियाँनं इकडं तिकडं बघितलं, गड्यांना पाणी प्यायला पाठवलं आणि स्वतः तिच्या मागोमाग उतरला. मडकी ओढून काढली तिथं खंदकाच्या भिंतीत एक गोल पोकळी राहिली होती. एका मडक्याचं मोडकं बूड अजून मातीत रुतलेलं होतं. त्याच्या वर दीड हात राख. करडी, काळी, मधूनच विटकरी, तिच्या सासऱ्याची, आजेसासऱ्याची, तीन पिढ्यांच्या आव्यांची राख.

दादामियाँनं राख जवळून न्याहाळली. मग त्यानं चुना लिंपायच्या करणीचं टोक त्या राखेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"वहिनी, हे बघा. एक रेघ आहे, इथून तिथवर. वरून कोणी खड्डा करून काही पुरलं असतं, तर रेघ तुटली असती. खालची माती वर आली असती, राख खाली सांडली असती. भिंतीला पाडलेलं भोक बुजवलं तरी मला कळतं, तसंच हे. थर मोडलेला नाही. ही राख पडायला लागली त्याच्या आधीपासून मडकी इथं आहेत."

"म्हंजी आमच्या आजेसासऱ्याच्या बी आदी?"

"त्याच्याही. किती आधी ते अल्लाला ठाऊक."

मथुराबाई खाली वाकली. राखेच्या खाली बोटभर जाडीची चोपलेली जमीन होती. तिनं नखानं खरवडली तशी पापुद्रे सुटले, एकाखाली एक. सारवलेली जमीन ती चटकन ओळखायची. कोणी बाईनं वर्षानुवर्षं हाताखालून घातलेली जमीन होती ती. बाजूला भाजून लाल झालेली एक वाटोळी जागा, तिथं कोळसा आणि काही करपलेले दाणे. तिनं एक दाणा तळहातावर घेतला. कुळीथ. तिच्या घरी सकाळीच कुळथाचं पिठलं झालं होतं.

ही चूल होती. म्हणजे हे घर होतं. आणि मूल चुलीजवळ, घरातल्या जमिनीखाली ठेवलं होतं. टाकलेलं नव्हतं, लपवलेलंही नव्हतं. पोकळीत हात घालून चाचपताना तिच्या बोटांना अंगठ्याएवढी एक वाटी लागली, आणि तांबड्या दगडाचे तीन मणी. मारलेल्या पोराला कोणी वाटी देतं का? मथुराबाई तिथं मातीत बसून हमसून हमसून रडली. दादामियाँ तोंड फिरवून उभा राहिला.

जाताना तिनं वाटी, मणी आणि भिंतीतल्या बुडाचा एक तुकडा काढून पदराखाली घेतला. "चुना अजून मळला नाही म्हणून सांगतो श्रीधरपंतांना," मागून दादामियाँ म्हणाला. "दोन दिवस ही भिंत अशीच राहील."

घरी सटवाजी चाकाजवळ नुसताच बसला होता. तिनं तो तुकडा त्याच्या हातात दिला. त्याची बोटं आपोआप चालायला लागली. बाहेरून, कडेनं, मग आतून. आत ती थांबली. तीन खळगे, त्याच्या शेजारी तीन खळगे.

"चुलीचा तुकडा हाय," तो म्हणाला. "तुजा न्हाई. बोटं तुज्याहून बारीक हायेत. कुनाची चूल फुटली?"

"चुलीचा न्हाई त्यो," मथुराबाई म्हणाली. "चावडीवर ठेवलेल्या मडक्याचा हाय."

सटवाजीचा चेहरा कोऱ्या फडक्यासारखा झाला. त्यानं पुन्हा आत बोटं घातली. हे मडकं चाकावर चढलेलंच नव्हतं. थापीचा एक घाव नव्हता. वळ्या लावून, दाबून दाबून केलेलं. असलं काम त्यानं केलं नव्हतं, त्याच्या बापानं केलं नव्हतं, पुण्यातल्या कुठल्याच कुंभारानं केलं नसतं.

"हे मी माजं म्हनालो?"

"छाती काढून म्हनालात."

त्यानं तुकडा हातात उलटा केला. मग म्हणाला, "खरं सांगितलं, तर उद्यापासून आपल्या दारात मडक्याला कोन येनार?"

"आनि न्हाई सांगितलं तर शकू आयुष्यभर भाकरी कंच्या हातानं थापनार?"

त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुकडा तेवढा हातातून सोडला नाही. तो पूर्ण दिवस मथुराबाईनं असाच काढला, त्याच्याकडे बघत. माणूस चांगला होता, पण चांगली माणसं अब्रूच्या वेळी काय करतील याचा नेम नसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चावडीच्या अंगणात कढई चढली. शकूला न्हाऊ घालून आणलं होतं. तिचा उजवा हात साबण-लिंबानं घासून, नखं काढून, सगळ्यांना दाखवला गेला. गर्दी एवढी होती की झाडावरसुद्धा माणसं. तेल तडतडायला लागलं आणि सटवाजी पुढं झाला. काठी नव्हती, तो हातांनी वाट चाचपत निघाला, सगळ्यांच्या देखत, आणि तेवढ्यावरूनच गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"पंत, ते मडकं माज्या हातात द्या."

"विटाळ होईल."

"व्हऊ द्या. मला दोन वर्सं दिसत न्हाई. त्या दिवशी मी न बघताच बोललो. आव्याचा जाळबी मी बघत न्हाई, माजी बायकू बघती. तवापासून आवा नीट लागतो. पोरीचा काय संबंध न्हाई त्याच्यात."

दीनानाथपंतांनी कढईखालचा जाळ कमी करायला सांगितला. मडकं सटवाजीसमोर ठेवलं गेलं. त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोकं बाजूला कलतं धरलं, कानानं ऐकावं तसं.

"हे चाकावरचं न्हाई. वळ्यांचं हाय. बाईचं काम हाय."

लोक हसले. बाईनं मडकं घडवलं! कोणीतरी म्हणालं, म्हातारा सुनेसाठी आता काहीही बोलणार. तेव्हा दीनानाथपंतांनी आसपासच्या घरांतून पाच मडकी मागवली आणि एकेक त्याच्या हातात दिलं. सटवाजीनं पाचही कोणाच्या हातची ते सांगितलं, आणि पाचव्याला म्हणाला, "हे माजं, पन बुडाला चीर गेलीय, पानी भरू नका." बुडाला खरंच चीर होती. मग लोक हसायचे थांबले.

"मग या तुझ्या बाईबद्दल आणखी काही सांगता येतं का?" दीनानाथपंतांनी विचारलं, अर्धवट चेष्टेनं.

सटवाजीची बोटं आतून हळूहळू फिरत होती. "मातीत तूस घातलंय, आमी घालतो तसंच. बुडाची काजळी हाताला लागती, म्हंजी वापरातलं मडकं हाय, रोजचं. आनि..." त्यानं बोट एका सांध्यावर थांबवलं. "पंत, एकबी सांधा कच्चा न्हाई. घाई न्हवती तिला. घाईनं पोर मारून पुरनारीचं हे काम न्हाई."

नंतर दादामियाँ राखेचं बोलला, आणि दीनानाथपंत सोवळं सांभाळत स्वतः खंदकापर्यंत जाऊन वाकून बघून आले. मथुराबाईनं वाटी आणि मणी त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते दुरूनच पाहिले आणि उपरणं झटकलं.

"म्हणजे आपल्या आधीही इथं माणसं राहत होती म्हणायची," ते म्हणाले. "आणि ती पुणेकर असूनही एकमेकांना जीव लावत होती. ठीक आहे. सुनेला सोडा. ती मडकी आणि हाडं आजच्या आज नदीत सोडून या, म्हणजे श्रीधरपंतांना वास्तुशांत करता येईल."

मडक्यांना हात लावायला कोणी पुढं आलं नाही. विटाळ तसाही सटवाजीला झालाच होता, तेव्हा काम कुंभारांकडेच आलं. सटवाजी घरीच थांबला. मथुराबाईनं एक मडकं उचललं, शकूनं दुसरं. दोघी नदीच्या वाटेला लागल्या. सासू-सुनेत चार दिवसांत एक शब्द झाला नव्हता.

काठावर बाभूळ आली. शकू तिथं थांबली. बुंध्याजवळ गेल्या अमावास्येची तिची वाटी अजून उपडी पडली होती. तिनं ती पायानं सरळ केली.

"आत्याबाई, तुमाला ठाऊक व्हतं?"

मथुराबाईला खोटं बोलता आलं असतं. "व्हतं," ती म्हणाली.

"मी हितं दूद घालायची तवा तुमी बगत व्हता."

"बगत व्हते."

पाणी उथळ होतं, माघातलं, तळाचे गोटे दिसत होते. पूर आला होता ती हीच नदी, असं कोणाला सांगूनही पटलं नसतं. मथुराबाई पाण्यात उतरली आणि सुनेकडचं मडकं घ्यायला तिनं हात पुढं केला. शकूनं ते दिलं नाही. पोटाशी धरून ती म्हणाली, "त्या बाईनं तिचं लेकरू घरात ठेवलं व्हतं, आत्याबाई. चुलीपाशी. माजं तुमी पान्याला दिलं. आता तिचंबी द्यायला मला आनलंत?"

मथुराबाईनं वाकून नदीचं पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि ती काठावर परत आली. येताना दोघींच्या डोक्यावर गवताचे भारे होते. कुंभारणींच्या डोक्यावर भारा असणं ही काही कोणी बघावं अशी गोष्ट नाही, आणि कोणी बघितलं नाही.

दुपारी दार लावून मथुराबाईनं चुलीच्या उजव्या बाजूची जमीन खणली. शकूनं दोन्ही मडकी आडवी ठेवली, तोंडाला तोंड लावून. हाडं, वाटी, मणी जिथल्या तिथं. मग कनवटीला बांधलेला काळा दोरा सोडला, बारशाच्या दिवशी पोरीच्या मनगटाला बांधलेला आणि ती गेली तेव्हा काढून घेतलेला, आणि तोही आत ठेवला. सटवाजी उंबऱ्यात बसून ऐकत होता. माती ओढल्याचा आवाज थांबल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "सारवलं का?"

सटवाजीच्या दारात मडक्याला पुढं फारसं कोणी आलं नाही. तीन वर्षांनी तो वारला. मुलगा उत्तरेतून आलाच नाही. घर चाललं ते दोघी बायकांच्या चुलींवर. मथुराबाई त्यानंतर चौदा वर्षं जगली. तेवढ्या सगळ्या वर्षांत घर सारवताना चुलीच्या उजव्या बाजूची हातभर जागा ती सोडून द्यायची, आणि मागून शकू येऊन ती सारवायची. दादामियाँला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर त्यानं सांगितलं असतं की तिथली रेघ आता तुटलेली आहे. उद्या कोणी ती जमीन खणली, तर मोडलेला थर त्यालाही दिसेल आणि तो म्हणेल, मडकी याच घरातल्या बाईनं पुरली, मूलही याच घरातलं असणार. आणि तसं तो म्हणाला, तर त्याचं चुकलं असं म्हणणारी शकू तरी नव्हती.